अर्धा फेरा

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो
आणि थांबतो.
आत कुठेतरी, टक्.
चौदा महिन्यांची शिकवणी, मानेवाड्यातली सात पोरं,
त्यांचे अपूर्णांक, त्यांची वर्गमुळं,
सगळं मिळून
टक्.

बर्डीवरच्या ठवकरनं खोके देताना विचारलं होतं,
जोडून देऊ का, पाचशे लागतील.
मी म्हटलं, मीच जोडते.
आता ते पाचशे रुपये
दुपारभर माझ्यासमोर मांडी घालून बसलेत.

बाहेर सेहेचाळीस.
गल्लीतले सगळे कूलर घरघरतात
आणि कुणाचा पंप सुरू झाला
की आमचा दिवा पिवळा पडतो.
मी म्हटलं, व्होल्टेज.
मे महिन्यात कुठल्याही दुखण्याला हे नाव चालतं.
स्टॅबिलायझर लावला. टक्.
रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं पुसली, बसवली. टक्.
रात्री दीडला, पंप बंद, दिवा पांढराशुभ्र,
तेव्हा पुन्हा दाबलं.
शांततेत ते जास्तच स्पष्ट ऐकू आलं.

आई कूलरच्या मोटारी भरते.
तिच्या बोटांना वार्निशचा वास,
सीझनमध्ये भाकरीलाही तोच.
दोन दिवस तिनं काही विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी अर्धं वेटोळं खाली ठेवलं,
"दोनशे सतरा झाले, ध्यानात ठेव.
काहून वं, सुरूच नाही होऊन राहिलं का?
आण इकडं. शॉर्ट असंन."

मला सांगायचं होतं, आई, ही मोटार नाही,
यात बारा व्होल्ट आहेत, पाच आहेत,
तीन पूर्णांक तीन दशांश आहेत.
तोवर तिनं सिरीज बोर्ड काढला होता.
लाकडी फळी, होल्डर, शंभरचा बल्ब,
फळीचं वय माझ्याहून जास्त.
सप्लायचा डबा त्याला जोडला.
बल्ब भपकन पेटला
आणि डुलकी लागल्यासारखा मंद झाला.
"हा चांगला आहे. श्वास घेते."
हिरव्या वायरला काळी जोडून मीही पाहिलं.
डब्याचा पंखा फिरला, फिरतच राहिला.
"मंग पुढं कोणीतरी त्याला धरून राहिलं."

सगळं पुन्हा उकललं.
स्क्रू ताटात, ताट पलंगाखाली,
कूलरच्या झोताला नको म्हणून.
बोर्ड उचलला तर खाली, कोपऱ्यापासून चार बोटांवर,
एक पितळी खुंटी,
वर तिच्यासाठी भोकच नाही.
तिचं टोक नेमकं सोल्डरच्या ठिपक्यांना भिडलेलं.
पाकिटात नऊ होत्या म्हणून मी नऊ लावल्या.
बोर्डाला भोकं आठ.
सात पोरांना मी मोजायला शिकवते.

म्हणजे इतके दिवस तो डबा
विस्तवावरून हात काढावा तसा
दर वेळी हात काढत होता,
आणि मी त्यालाच शिव्या देत होते.

या वेळी पंखा अर्ध्यावर थांबला नाही.
पडद्यावर पांढरी अक्षरं आली, इतकी साधी
की मला आधी कळलंच नाही, झालं म्हणून.
आनंदानं कॅबिनेटवर थाप मारली
आणि हाताला मुंग्या.
आईनं टेस्टर टेकवला. आतला ठिपका लाल.
"अर्थिंग वाळलं."

न्हाणीमागे सीताफळाच्या बुडाशी तो खड्डा.
मार्चपासून घरातलं प्रत्येक बादलीभर पाणी
कूलरच्या टाकीत गेलं,
त्याला कुणी घोटभरही पाजलं नव्हतं.
तिनं मूठभर मीठ टाकलं, मी बादली ओतली.
माती गटगट प्यायली,
आवाज येईस्तोवर.
दुसरी बादली. तिसरी अर्धी.

परत येऊन पत्र्याला हात लावला.
गार. नुसता पत्रा.

मी विचारणार होते, आई, किती झाले होते गं,
मला ध्यानात नाही.
पण ती वेटोळं घेऊन बसलीच होती,
ओठांतल्या ओठांत,
दोनशे अठरा,
दोनशे एकोणीस.